पराभवाचा हिशेब

गेल्या डिसेंबरातील गोष्ट. ७ डिसेंबर २०२५ रोजी, रविवारी रात्री, चेन्नई येथे कनिष्ठ गटाच्या विश्वचषक हॉकी स्पर्धेतील उपांत्य सामन्यात जर्मनीने आपल्या मुलांना ५–१ असे हरविले. आणि सोमवारी सकाळी प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीच आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्या सामन्याची उत्तरक्रिया सुरू झाली. एक पक्ष म्हणत होता की, आघाडीच्या खेळाडूंनी कच खाल्ली. दुसऱ्याचे म्हणणे, जर्मनांपुढे आपली मुले नेहमीच हातपाय गाळतात. २०२१ साली भुवनेश्वरला उपांत्य सामन्यात २–४, २०२३ साली क्वालालंपूरला उपांत्य सामन्यातच १–४, आणि आता हा १–५, असा पुरावाही त्या पक्षाने सादर केला. दहावीतील एका भाविकाने तर खजराना गणेशाच्या देवळामागील भिंतीवर रीतीप्रमाणे उलटे स्वस्तिक काढून संघासाठी नवस बोलला होता. नवस फळला की ते सुलटे काढावयाचे असते. त्याच्यापुढे आता धर्मसंकट उभे राहिले.

वाद रंगत असताना कोणीतरी म्हणाले, “आपल्या चाळणीला उभे केले असते, तर दहा झाले असते!” आणि मोठा हशा पिकला.

ही ‘चाळण’ म्हणजे आमच्या शाळेच्या संघाचा गोलरक्षक. नोव्हेंबरातील एका आंतरशालेय सामन्यात त्याच्यावर चार गोल झाले, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटले होते. तो आठवड्याभरापासून सरावाला येत नाही, हे आमच्या कानी आले होते. तथापि, मुलांची थट्टा आहे, चार दिवसांत विरेल, असे समजून आम्ही स्वस्थ राहिलो होतो. कबूल करावयास हरकत नाही की, हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हालाही हसू आले होते. त्या सोमवारी मात्र तो मुलगा व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरा उभा होता आणि हशा त्याने ऐकला होता.

आम्ही भाषेचे शिक्षक, हॉकीचे नव्हे. आमची मायबोली कोंकणी, आणि आमच्या बालपणी मैदान म्हटले की फुटबॉल. त्यातही ज्याला धावता येत नाही त्याला गोलात उभे करावयाचे, ही जुनी रीत. तेव्हा गोलरक्षकाकडे पाहण्याची आमची दृष्टी काही फार उदार होती असे नाही. परंतु त्या दिवशी तासाला शिरताच आम्ही धडा बाजूस ठेवला आणि गोल होतो म्हणजे काय होते, हे मुलांसह फळ्यावर मांडून पाहिले. त्यातून जे निघाले ते वार्षिकाच्या वाचकांपुढेही ठेवीत आहो.

हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते. गोलाचे तोंड ३.६६ मीटर रुंद व २.१४ मीटर उंच. त्या तोंडापुढे सुमारे १४.६३ मीटर अंतरावर जी वाकडी रेषा आखलेली असते, तिच्या आतील भागाला वर्तुळ म्हणतात. मुले त्याला ‘डी’ म्हणतात आणि आकार पाहता तेच नाव अधिक खरे आहे. गोल व्हावयाचा तर आक्रमकाची काठी चेंडूला या वर्तुळाच्या आतच लागली पाहिजे. बाहेरून मारलेला चेंडू सरळ आत गेला तरी गोल होत नाही. यावरूनच एक गोष्ट ध्यानी येईल. प्रतिपक्ष वर्तुळात पोचला, म्हणजे मधली फळी आणि बचावाची फळी यांच्या हातून चेंडू आधीच निसटलेला आहे. गोलरक्षक हा त्या साखळीतला शेवटचा दुवा. आणि शेवटचा असल्यामुळेच तेवढा तो सर्वांना दिसतो.

पेनल्टी कॉर्नरचा प्रकार तर आणखी कठीण. बचाव करणाऱ्या बाजूचे गोलरक्षकासह पाचच खेळाडू गोलाच्या रेषेमागे उभे राहतात. उरलेल्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. आक्रमकांतील एक जण गोलाच्या खांबापासून निदान १० मीटर दूर, मागील रेषेवरून चेंडू ढकलतो. दुसरा वर्तुळाबाहेर तो अडवितो. आणि तिसरा, चेंडू काठीवर ओढीत नेऊन, गोफणीतून सुटावा तसा गोलाकडे फेकतो. यास ड्रॅग-फ्लिक म्हणतात. जोराने हाणलेला पहिला फटका असेल तर चेंडू गोलात ४६० मिलिमीटरांहून उंच शिरता कामा नये, असा नियम आहे. परंतु या फेकीला ते बंधन नाही. ती कोणत्याही उंचीवरून येऊ शकते.

गणिताच्या आमच्या सहकाऱ्यांनी येथे साह्य केले. चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला तर तो सेकंदाला सुमारे २८ मीटर जातो. १५ मीटर तोडावयास त्याला अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ पुरतो. पाहणे, समजणे आणि स्नायू हलविणे यांतच माणसाचा सेकंदाचा पाचवा भाग जातो. उरलेल्या वेळात उजवीकडे की डावीकडे, वर की खाली, हे ठरवून अंगावरच्या जाडजूड पॅडांसह तेथे पोचावयाचे! म्हणूनच चेंडू सुटताच एक बचावपटू जिवावर उदार होऊन फेकणाऱ्यावर धावून जातो, आणि दुसरा खांबाशी उभा राहून एक कोपरा सांभाळतो. या दोघांनी दोन दिशा झाकल्या तर उरलेली जागा गोलरक्षकाच्या आवाक्यात येते. कॉर्नर वाचला तर श्रेय तिघांचे. न वाचला, तर? प्रेक्षकांना पॅड घातलेला एकटाच दिसतो.

हेच शस्त्र आपल्या हाती असताना काय होते तेही पाहावे. २०२३ च्या त्या उपांत्य सामन्यात भारताला बारा पेनल्टी कॉर्नर मिळाले, आणि बारापैकी एकाचाही गोल झाला नाही. व्हरांड्यातील पंडितांपैकी कोणाला ही संख्या ठाऊक नव्हती. गोल किती झाले तेवढे पाठ होते. न झालेले गोल कोणी मोजीत नाही. खरे पाहता सामना बरेचदा तेथेच हरलेला असतो.

आता आपल्याच परिसरातील दोन गोलरक्षकांकडे वळू. इंदूरहून वीस-पंचवीस किलोमीटरांवर महू आहे. लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार किशनलाल महूचे, आणि शंकर लक्ष्मण हेही महूचेच. १९४७ साली शंकर लक्ष्मण सैन्यात वाद्यवृंदातील शिपाई म्हणून भरती झाले, तेही मराठा लाइट इन्फंट्रीत. म्हणजे मराठी वाचकाने त्यांच्यावर थोडा हक्क सांगितला तर चालेल. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते गोलात उभे होते. भारताने त्या स्पर्धेत ३८ गोल केले आणि भारतावर एकही झाला नाही. अंतिम सामना पाकिस्तानाविरुद्ध १–० असा जिंकला. १९६० साली रोमला पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, गोलात पुन्हा शंकर लक्ष्मण. पण या खेपेस पूर्वार्धातील नसीर बुंदांच्या एका गोलाने भारत ०–१ हरला, आणि १९२८ पासून सलग सहा सुवर्णपदके जिंकणाऱ्या संघाची परंपरा खंडित झाली. १९६४ साली टोकियोला तिसऱ्यांदा तीच गाठ पडली. मोहिंदर लाल यांनी गोल केला आणि भारत १–० जिंकला.

तीन अंतिम सामने, एकच गोलरक्षक, आणि प्रत्येक वेळी निकाल एका गोलाचा. रोमला शंकर लक्ष्मण यांची नजर चार वर्षांपुरती मंद झाली होती आणि टोकियोला ती परत आली, असे कोणी म्हणेल काय? फरक पडला तो समोरच्या टोकाला: रोमला आपल्याकडून एकही गोल झाला नाही, टोकियोला एक झाला. असे असूनही रोमच्या पराभवाचे शल्य देशाने दीर्घकाळ उराशी बाळगले. शंकर लक्ष्मण पुढे १९६६ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानाला हरवून त्या स्पर्धेतील हॉकीचे आपले पहिले सुवर्णपदक मिळविले. अशा या माणसाचा अंत २००६ साली महूत, पायाच्या गँगरीनने, हलाखीच्या परिस्थितीत झाला. मेलबर्न किंवा टोकियो यांची नावे आमच्या वर्गातील मुलांनी भूगोलात ऐकली होती. शंकर लक्ष्मण हे नाव चाळीसांपैकी तिघांना माहीत होते.

दुसरी कथा इंदूरशी निकटचा संबंध असलेल्या मीर रंजन नेगी यांची. ती अधिक कडू आहे. १ डिसेंबर १९८२. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धेतील हॉकीचा अंतिम सामना. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः उपस्थित. पहिला गोल भारताचाच झाला. त्यानंतर पाकिस्तानाने एकामागून एक सात केले. निकाल १–७. एवढी मोठी संख्या पाहिल्यावर लोकांना कारण नको होते, गुन्हेगार हवा होता. आणि तो पॅड घालून समोर उभाच होता. नेगींनी पैसे घेतले, असे बोलले जाऊ लागले. आरोप सिद्ध कधीच झाला नाही. पण सिद्ध होण्याची वाट कोण पाहतो? जेथे जावे तेथे शिव्याशाप वाट्यास आले, आणि तो गोलरक्षक खेळाच्या जगातून जणू पुसून टाकला गेला.

सात गोल एका माणसाकडून होत नाहीत, हे आपण वर पाहिलेच. एक गोल झाल्यावर बरोबरी साधण्यासाठी संघ पुढे सरकतो. मागे जागा मोकळी पडते. त्या जागेतून दुसरा होतो. मग संघ अधिक उतावीळ होऊन आणखी पुढे सरकतो. गळक्या छपराखाली भांडी ठेवीत धावणाऱ्या माणसासारखी गोलरक्षकाची स्थिती होते, आणि लोक म्हणतात, पाणी यानेच आणले.

सोळा वर्षांनी, १९९८ साली, नेगी गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून संघाबरोबर बँकॉकला गेले. शंकर लक्ष्मण यांच्या १९६६ च्या सुवर्णपदकानंतर आशियाई स्पर्धेत भारताला हॉकीचे सुवर्ण मिळाले नव्हते. ते बत्तीस वर्षांनी, त्याच बँकॉक शहरात मिळाले. ‘चक दे इंडिया’ हा २००७ चा चित्रपट बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातील कलंकित खेळाडूच्या मागे नेगींची हकीगत आहे, हे मात्र वर्गात कोणाला सांगता आले नाही.

आता उरला तो “आपण जर्मनीपुढे नेहमीच हरतो” हा मुद्दा. कनिष्ठ संघ एकवीस वर्षांखालील मुलांचा असतो. दोन-तीन वर्षांत तो जवळजवळ सगळाच बदलतो. म्हणजे २०२१ ला हरलेली मुले निराळी आणि २०२५ ची निराळी. जर्मनीचेही तसेच, मात्र त्यांची एक तुकडी गेली की दुसरी तशीच तयार उभी असते. चेन्नईला त्यांनी ही स्पर्धा आठव्यांदा जिंकली. आपण २००१ व २०१६ अशी दोनदा जिंकलो आहो. तुलना करावयाची तर या तयारीची करावी.

शिवाय आपल्या प्रदेशातीलच इटारसीच्या विवेक सागर प्रसादचे उदाहरण घ्या. २०२१ च्या ५ ऑगस्टला टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने जर्मनीला ५–४ हरवून, एक्केचाळीस वर्षांनी, हॉकीचे पदक मिळविले. विवेक त्या संघात होता. त्याच वर्षी डिसेंबरात भुवनेश्वरला तो कनिष्ठ संघाचा कर्णधार होता आणि जर्मनीकडून हरला. चार महिन्यांत तोच मुलगा, तोच देश, निकाल उलट. टोकियोच्या त्या सामन्यात दोन गोल करणारा सिमरनजीत सिंग हा २०१६ ला लखनौत कनिष्ठ विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील. आणि अगदी शेवटच्या क्षणी जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर अडविणारे गोलरक्षक पी. आर. श्रीजेश हेच चेन्नईच्या पराभूत मुलांचे प्रशिक्षक होते. गोलात उभे राहणे म्हणजे काय हे ज्याला पुरते ठाऊक, असा माणूस त्या रात्री मुलांजवळ होता, याचे आम्हाला बरे वाटले.

असो. शेवटी आम्ही फळ्यावर आमच्या शाळेच्या संघावर झालेले चार गोल मांडले. चेंडू प्रथम कोठे गमावला, मोकळा कोण राहिला, आणि शेवटी कोणाजवळून गेला, असे तीन रकाने केले. खेळणारी मुले वर्गातच होती. पहिला रकाना भरताना बराच वेळ कोणी बोलेना. मग मधल्या फळीतील एक जण उठला आणि म्हणाला, “सर, पहिला माझ्याकडून गेला.” ज्याने सकाळी चाळणीचा विनोद केला होता, तोच हा. दुसरे दोन गोल कॉर्नरवर झाले होते, आणि धावून जाण्याचे काम ज्याचे, तो दोन्ही वेळा जागेवरून हलला नव्हता. चौथा मात्र गोलरक्षकाच्या पायांमधून गेला होता. तो त्याने स्वतःच, मागल्या बाकावरून, सांगितला.

बुधवारी, १० डिसेंबरला, कांस्यपदकाच्या सामन्यात भारत अर्जेंटिनाविरुद्ध ०–२ मागे होता. शेवटच्या सत्रात चार गोल करून तो ४–२ जिंकला. गुरुवारी सकाळी व्हरांड्यात नवा वाद: सुवर्णासाठी बोललेला नवस कांस्यावर फिटतो की नाही, आणि स्वस्तिक सुलटे काढावे की तसेच ठेवावे? आम्ही त्यात पडलो नाही.

त्या संध्याकाळी गोलरक्षक सरावाला आला होता. त्याच्यावर दोन गोल झाले. आणि चेंडू कोणी, कोठे गमावला याची वादावादी मैदानावर अंधार पडेपर्यंत चालली होती.