गुणगौरव दहावीचा, गळती सहावीची

जून-जुलै उजाडला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून गुणगौरव समारंभांचे फलक झळकू लागतात. दहावी-बारावीत साठ, सत्तर, ऐंशी टक्के मिळवलेल्या मुलामुलींना व्यासपीठावर बोलावले जाते. पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, एखादी बॅग दिली जाते. मग चार-पाच वक्ते एकामागून एक माईक हातात घेतात आणि प्रत्येक जण तेच सांगतो की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते, तुम्हीही करा. कार्यक्रम संपतो, मंडपवाला खुर्च्या गोळा करतो आणि समाजाने शिक्षणासाठी काहीतरी केले या समाधानात आपण घरी जातो. या समारंभांना माझा विरोध नाही. पोरांच्या पाठीवर थाप पडलीच पाहिजे. परंतु त्या मंडपात जी मुले नसतात त्यांची मोजदाद कोण करणार? सत्काराची मुले गाळणीतून पार पडलेली असतात. जो गळाला तो कित्येकदा त्याच मंडपाचे बांबू रोवायला रोजंदारीवर आलेला असतो.

वकिली व्यवसायात जात पडताळणीची प्रकरणे नेहमी हाताळावी लागतात. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर शोधावे लागते. या जुन्या निर्गम उताऱ्यांवर एक रकाना असतो, 'शाळा सोडताना इयत्ता', आणि त्याच्या शेजारी दुसरा, 'शाळा सोडण्याचे कारण'. आजोबांच्या उताऱ्यावर पहिली, दुसरी, फार तर चौथी. वडिलांच्या उताऱ्यावर बहुधा सहावी, सातवी. कारण मात्र दोघांचे सारखेच : 'सतत गैरहजर', 'नाव कमी केले'. वर्गात वेगळे बसवले, प्यायला पाणी दिले नाही, मास्तरांनी पाटी तपासली नाही, आईला शेतावर हात कमी पडत होता, यातले काहीही त्या रकान्यात नसते. गैरहजर कोण, तर मूल! व्यवस्था मात्र कधीच गैरहजर नसते.

आता नाव कमी होत नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१(क) आला, २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यामुळे गळतीचे रूप बदलले, गळती थांबली नाही. पूर्वी सहावीतला मुलगा शाळेबाहेर पडायचा आणि तो सर्वांना दिसायचा. आता तो पटावर असतो, गणवेशात असतो, खिचडीच्या रांगेत असतो, फक्त शिकण्यात नसतो. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या एक चतुर्थांशाहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. ही आकडेवारी सर्व समाजांची मिळून आहे. त्यात आपल्या वस्तीतली मुले कोणत्या बाजूला अधिक असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

पाचवी ते आठवी हा काळ आपल्या चळवळीच्या नजरेतून सुटलेला आहे. बालवाडीसाठी आपण धडपडतो, दहावीसाठी क्लास लावतो, मधली चार वर्षे मुलाने आपोआप पार करावीत अशी आपली समजूत. प्रत्यक्षात सारा घोटाळा तिथेच होतो. चौथीपर्यंत गावातली शाळा, एकच गुरुजी, ओळखीचा फळा. पुढे मोठी शाळा, विषयागणिक वेगळे शिक्षक, साठ-साठ मुलांचा वर्ग. गणितात अपूर्णांक येतात, मग ऋण संख्या येतात, मग अंकांच्या जागी अक्षरे येतात. ज्याचा अपूर्णांक पाचवीत हुकला, त्याचे टक्के सहावीत हुकतात, व्याज सातवीत हुकते आणि आठवीत तो जाहीर करतो की मला गणित आवडत नाही. पुस्तकाची मराठी ही घरातली मराठी नसते. इंग्रजीचे तर विचारूच नका. याच वयात मुलाला आपल्या आडनावाचा अर्थ कळू लागतो. हजेरी घेताना शिक्षकांचा स्वर कुठे बदलतो हे त्याला बरोबर ऐकू येते. ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या हंगामात आईबाप बाहेर पडतात तेव्हा दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने अर्धवट होतात. विदर्भात कापूस फुटला की वेचणीला हात लागतात. आणि घरात लहान भावंड असेल तर सहावीतली मुलगी ही अर्धी आई झालेलीच असते.

अशा मुलाविषयी आपण म्हणतो, "याचे अभ्यासात मन लागत नाही." वाचकहो, हे वाक्य जरा उलटून बघा. ज्याला समोरचे पान वाचता येत नाही त्याचे त्या पानात मन लागावे तरी कसे? तासन् तास न कळणाऱ्या भाषेत बसवून ठेवले तर तुमचे-आमचे तरी मन लागेल काय? आपण ज्याला आळस म्हणतो तो बहुतेक वेळा अब्रू वाचवण्याचा मार्ग असतो. येत नाही म्हणून हसे होण्यापेक्षा, करतच नाही म्हणून मार खाल्लेला बरा, असा त्या बारा वर्षांच्या पोराचा साधा हिशोब असतो. त्याला प्रेरणेचे भाषण देऊन काय होणार?

आणि भाषण तरी कोणते, तर बाबासाहेबांचे नाव घेऊन धाक घालण्याचे. "बाबासाहेबांनी दिव्याखाली अभ्यास केला, तुला लाइट आहे, पंखा आहे, तरी तू नापास!" बाबासाहेबांचे नाव ऐकले की मुलाचा ऊर भरून यावा, त्याऐवजी मान खाली जावी, ही कसली प्रेरणा? त्यांचे बालपण आपण नीट सांगतच नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वेळी ते नऊ वर्षांचे होते. गोणपाटावर बसत होते, शिपाई असेल तरच पाणी मिळत होते. हे आपण सांगतो. परंतु धनंजय कीर यांच्या चरित्रात आणखी एक हकीकत आहे, ती व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते. वडिलांनी दुसरा विवाह केला तो भिवाला रुचला नाही. स्वतःच्या पायावर उभे राहायचे, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरवले. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवण्याचा तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. त्यात निघाला अर्धा आणा! तेव्हा त्याने पळून जाण्याचा नाद सोडला आणि कसून अभ्यास करून लवकर स्वावलंबी व्हायचे ठरवले. आमच्या सातवीतल्या मुलांना ही गोष्ट सांगून बघा. अठरा तासांच्या आकड्याने जे होत नाही ते या अर्ध्या आण्याने होते. वर्गातला जो मुलगा पळून जाण्याच्या बेतात आहे त्यालाच ती पहिल्यांदा कळते.

दुसरी गोष्ट रामजी सुभेदारांची. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली, त्यात संसार, सरपण, जाते, शेळी. अभ्यासाला जागा नाही. सुभेदारांनी काय केले? मुलाला संध्याकाळी लवकर झोपवले, स्वतः रात्री दोनपर्यंत जागले, दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवले आणि त्याच जागेवर आपण आडवे झाले. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकींचे दागिने गहाण टाकले. नंतर कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तके पुरवली आणि १९०७ साली मॅट्रिकच्या सत्कारात आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. मुलाची जिद्द तर होतीच. पण त्या जिद्दीला एकाने जागा दिली, वेळ दिली, दुसऱ्याने पुस्तक दिले. आपण मुलाकडून भीमराव होण्याची अपेक्षा ठेवतो आणि रामजीबाबा होण्याची जबाबदारी मात्र कुणीच घेत नाही.

बाबासाहेबांनाही हे पुरते ठाऊक होते. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीतच तिने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले. उपदेशाच्या सभांसोबत राहण्याची, खाण्याची, वाचण्याची सोय. त्यांची प्रेरणेची पद्धत ही अशी होती.

मग आज वस्तीत काय करता येईल? फार पैसा लागत नाही, सातत्य लागते, आणि तेच आपल्याकडे दुर्मिळ आहे. बहुतेक वस्त्यांत विहार आहे. तो सकाळी आणि पौर्णिमेला उघडतो, एरवी कुलूप. संध्याकाळी सात ते साडेआठ हे कुलूप काढा. पाचवी ते आठवीची पंधरा-वीस मुले बसवा. सुरुवातीलाच प्रत्येकाला दुसरीचा उतारा वाचायला द्या आणि साधा भागाकार घाला. कोण कुठे अडले आहे ते एका संध्याकाळी कळते. जो जिथे अडला तिथूनच सुरू करा, मग तो सातवीत असला तरी दुसरीच्या पुस्तकापासून. मात्र हे चारचौघांत जाहीर करू नका, तेवढी त्याची लाज राखा. शिकवायला अकरावी-बारावीची, कॉलेजची पोरे घ्या. ती अजून त्याच गल्लीत राहतात, त्यांनाही अपूर्णांक नडले होते, म्हणून मुले त्यांच्यावर विश्वास ठेवतात. सहावीच्या मुलीने तिसरीच्या मुलाला शिकवले तर तिचे स्वतःचे पक्के होते आणि आपल्याला काही येते ही जाणीव तिला प्रथमच होते. या जाणिवेपुढे स्मृतिचिन्ह फिके आहे.

मुलांना लिहू द्या. निबंध 'माझी आई' आणि 'पावसाळा' एवढेच का? आपल्या नळावरच्या भांडणावर लिहू द्या, आजीच्या कामावर लिहू द्या. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग मुलगी, आज आपली मुले मधल्या शाळेत असतात त्या वयाची. मांग-महारांच्या दुःखावर तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्यासमोर कोणते प्रेरणादायी फलक होते? शिक्षकांनी तिला तिच्या जगण्याबद्दल लिहू दिले, इतकेच.

आईबाप शिकलेले नाहीत ही सबबही पुरी करा. ज्या माऊलीला अक्षर येत नाही तीही भाकऱ्या थापताना "बाळा, आज काय वाचलंस ते मोठ्यानं वाच" म्हणू शकते. अडखळला तर तिला कळते. टीव्ही आणि मोबाइल एक तास बंद ठेवायला पदवी लागत नाही. आणि शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. मागच्या महिन्यातला तूच आणि या महिन्यातला तूच, एवढी तुलना पुरे.

इतके करून शाळेला मोकळे सोडायचे नाही, हे वकील म्हणून सांगणे मला भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ नीट वाचा. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांशी नियमित बैठका घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून तिथे लिहिले आहे. ती मेहरबानी नव्हे. कलम १७ खाली मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. "तुम्हाला शिकून काय करायचंय, स्कॉलरशिप तर मिळतेच" हे वाक्यही छळच आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक, निम्म्या महिला आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. आपल्या किती आयाबहिणींना आपण त्या समितीवर आहोत हे सही करतानाच कळते, ते गावोगाव विचारून पाहा. तक्रार असेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्या, तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे. तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावरची रेघ. अर्जावर पोच घ्या.

हे आता अधिक तातडीचे झाले आहे. आठवीपर्यंत नापास न करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने सैल केली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीतही नापास झाल्यास त्याच वर्गात. शिकवले नाही म्हणून शिक्षकाला कोणी त्याच वर्गात बसवत नाही, शिक्षा मुलाला! आणि चौदा वर्षे पूर्ण झाली की मूलभूत हक्काचे छत्रही डोक्यावरून जाते. आठवीत एकदा मागे राहिलेला मुलगा पुन्हा त्याच बाकावर बसेल की कामावर जाईल, हे आपल्या वस्तीला सांगावे लागत नाही.

डोळ्यांसमोर जवळचे, हाती येणारे काही असले की मूल धावते. दहा वर्षांनंतरचा कलेक्टर त्याला दिसत नाही. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी ती आहे. कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत हवे आणि अनुसूचित जातीच्या मुलाला सातवीत पन्नास टक्के गुण लागतात. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे तयारी सातवीत नव्हे, सहावीत सुरू व्हायला हवी. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा सहावीपासून आहेत, त्यांच्या प्रवेशाची माहिती पाचवीच्या पालकाला हवी. ती आपण कुणाला देतो? नोकरदार, अधिकारी मंडळींनी जयंतीच्या वर्गणीची मोठी पावती फाडण्यासोबत एका मुलाचा फॉर्म स्वतः भरून दिला, तर त्या पावतीपेक्षा ते काम मोठे ठरेल. हल्ली फॉर्म ऑनलाइन असतात आणि मुदत संपल्यावरच आपल्याला जाग येते.

आमच्या वस्तीतला वर्ग विहारात भरतो. सुरुवातीला सव्वीस मुले होती, परीक्षेनंतर अकरा उरली, पावसाळ्यात पुन्हा एकोणीस झाली. त्यातल्या चार जणांना अजून भागाकार येत नाही. दोन मुली स्वयंपाक उरकून आठ वाजता येतात, त्यांच्यासाठी वेळ वाढवून नऊपर्यंत केली आहे. त्यामुळे विजेचे बिल वाढले आणि ते विहार समितीने भरायचे की पालकांनी, यावर गेल्या दोन बैठकांत वाद झाला. पुढची बैठक रविवारी आहे.