भाजलेल्या रुग्णाचे मन

जखम भरली, रुग्ण घरी आला, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु कित्येकांची खरी कसोटी तेथूनच सुरू होते. नव्या त्वचेची अविरत खाज, आखडलेले सांधे, स्वप्नांत पुन्हा दिसणाऱ्या ज्वाळा, आणि आरशाची धास्ती! झोप उडते, अन्न नकोसे होते, ‘मी वाचलो तरी कशाला?’ असे वाटू लागते. हे नैराश्य होय. तो आजार आहे, दुबळेपणा नव्हे. आणि योग्य उपचारांनी तो बहुधा बरा होतो. मुंबईस शीव येथील रुग्णालयात २००० साली त्वचापेढी निघाली, जखम झाकण्याची सोय वाढली. मनाच्या दुखण्याकडे मात्र घरच्यांचेही दुर्लक्ष होते.

दुसऱ्या महायुद्धात होरपळलेले वैमानिक इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेड येथे शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्याकडे येत. मॅकिंडोंनी गावकऱ्यांना विनविले, की यांना घरी बोलवा, पण टक लावून पाहू नका. गावाने ते मानले. १९४१ साली या रुग्णांनी आपले मंडळ काढले व त्याला विनोदाने ‘गिनिपिग क्लब’ असे नाव दिले!

आपल्या अनगोळात असा कोणी शेजारी असल्यास त्याच्याकडे पूर्वीसारखेच जावे. ‘कसे भाजले?’ एवढे मात्र विचारू नये. ते त्याने शंभरदा ऐकलेले असते. मन फारच खचले, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत व कन्नडमध्येही विनामूल्य सल्ला मिळतो.