लॅपटॉपच्या बॅटरीचा हिशेब

घरातल्या मोबाइल फोनच्या खोक्यावर बॅटरीचा आकडा छापलेला असतो. बहुधा तो ५००० मिलिअँपिअर-तास असा असतो. आता एखाद्या साध्या लॅपटॉपच्या बॅटरीवरचा आकडा पाहा. तेथे ३६०० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले सापडेल. मग फोनची बॅटरी लॅपटॉपच्या बॅटरीपेक्षा मोठी म्हणायची काय?

अँपिअरला तासाने गुणले म्हणजे विद्युतप्रभार मिळतो, ऊर्जा मिळत नाही. पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकीत किती लिटर पाणी आहे एवढ्यावरून त्या पाण्याकडून किती काम होईल हे सांगता येत नाही; टाकी किती उंचीवर आहे तेही कळावे लागते. विजेच्या बाबतीत ही उंची म्हणजे व्होल्ट. फोनमध्ये सहसा लिथियम-आयन जातीचा एकच घट असतो आणि त्याचे विभवांतर सुमारे ३.८५ व्होल्ट असते. साध्या लॅपटॉपात असे तीन घट एकसर जोडणीत असतात, म्हणून तेथे सुमारे ११.४ व्होल्ट मिळतात. आता गुणाकार करा. फोनसाठी ५ × ३.८५ म्हणजे सुमारे १९ वॅट-तास, आणि लॅपटॉपसाठी ३.६ × ११.४ म्हणजे सुमारे ४१ वॅट-तास. लॅपटॉपची बॅटरी दुपटीहून मोठी निघाली!

एक वॅट-तास म्हणजे ३६०० ज्यूल. तेव्हा ४१ वॅट-तास म्हणजे १,४७,६०० ज्यूल. हा आकडा मोठा दिसतो खरा. पण ३० अंश सेल्सिअसचे अर्धा लिटर पाणी उकळीला आणायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. म्हणजे चहाचे एक आधण! तेवढ्या ऊर्जेत लॅपटॉपने दिवसभर काम करावे अशी आपली अपेक्षा असते.

ही अपेक्षा पुरी होते की नाही, हा प्रश्न पुष्कळ घरांत महत्त्वाचा असतो. बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेरगावी जाते, तेव्हा आईवडील चाळीस हजारांच्या आसपासची रक्कम कशीबशी जमवून लॅपटॉप घेऊन देतात. तो पुढची चार वर्षे चालावा लागतो. वर्गात प्रत्येक बाकापाशी विजेचे बटण नसते, आणि गावाकडे आल्यावर भारनियमनाची गाठ असते. दुकानदार मात्र ‘दहा तास चालतो’ एवढेच सांगतो. हे दहा तास आले कोठून?

तास काढायचे सूत्र तुम्हाला ठाऊकच आहे: ऊर्जा भागिले शक्ती. ४१ वॅट-तासांची बॅटरी दहा तास पुरायची तर यंत्राने सरासरी ४.१ वॅटच घ्यायला हवेत. पडदा मंद ठेवला आणि इंटरनेट बंद करून साठवलेला चित्रपट लावला, तर असे होऊ शकते. जाहिरातीतले तास बहुधा अशाच बेताच्या परिस्थितीत मोजलेले असतात. नेहमीच्या कामात, म्हणजे लिहिणे, वाचणे, इंटरनेटवर शोधाशोध करणे यांत, साधा लॅपटॉप सात-आठ वॅट सहज घेतो. म्हणजे तास झाले पाच.

हे तुम्ही स्वतः पडताळू शकता. शाळेतल्या किंवा ओळखीच्या कोणाच्या नव्या लॅपटॉपची बॅटरी ९० टक्के भरलेली असताना घड्याळ पाहून ठेवा. एक तास नेहमीचे काम करा. समजा ७० टक्के उरले. ४१ चे २० टक्के म्हणजे ८.२ वॅट-तास एका तासात संपले. सरासरी शक्ती ८.२ वॅट. आता पडद्याचा उजेड निम्मा करून पुन्हा मोजा. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून हा प्रयोग करून घ्यावा. वायफळ म्हणून सोडून देण्याजोगा तो नाही.

त्या प्रयोगात दिसेल की पडदा हा मोठा खाणारा आहे. १४ इंची आणि १५.६ इंची पडद्यांत फरक दीड इंचाचाच वाटतो; पण हे माप कर्णाचे आहे आणि क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही पडद्यांचा आकार एकाच प्रमाणात असेल, तर मोठ्याचे क्षेत्रफळ सुमारे २४ टक्क्यांनी अधिक भरते. तेवढे जास्तीचे क्षेत्र उजळवायचे असते. शिवाय वजनही वाढते. पाठीवर रोज वाहायचा असेल तर मी १४ इंचीच सुचवीन.

दुसरा खाणारा प्रोसेसर. त्यातील सूक्ष्म स्विचांना लागणारी शक्ती ही विभवांतराचा वर्ग आणि कंप्रता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग दीडपट करण्यासाठी विभवांतर १.२ पट करावे लागले असे समजू. मग शक्ती १.५ × १.४४, म्हणजे २.१६ पट झाली. काम दीडपट झाले, पण खर्च दुपटीच्या वर गेला! घाई ही अशी महाग पडते. म्हणूनच प्रोसेसरच्या नावातील शेवटचे अक्षर पाहावे. उदाहरणार्थ, इंटेलच्या बाराव्या आणि तेराव्या पिढीत ‘यू’ अक्षराच्या बहुतेक प्रोसेसरांची मूळ शक्ती १५ वॅट, तर ‘एच’ अक्षराच्यांची ४५ वॅट धरलेली आहे. जोर लावताना दोन्ही याहून पुष्कळ अधिक घेतात. खेळ खेळायचे असतील किंवा त्रिमितीय आराखडे काढायचे असतील त्यांना ‘एच’ हवा. निबंध, गणिते, प्रोग्रॅमिंग यांना ‘यू’ भरपूर झाला. चित्रांसाठी वेगळी चिप बसवलेली असली तर तीही आपला वाटा मागते.

आता भाजकाकडून भाज्याकडे वळू. एकाच नावाचा लॅपटॉप कधी लहान, कधी मोठ्या बॅटरीसह विकला जातो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. या बॅटऱ्या दर किलोला सुमारे २०० वॅट-तास साठवतात, म्हणजे ४० च्या जागी ६० वॅट-तास घेतल्यास वजन शंभरेक ग्रॅमच वाढेल. पण तास दीडपट होतील. माझ्या मते, बेताच्या पैशांत जास्तीची रक्कम कोठे घालावी असा प्रश्न आला तर थोड्या वेगवान प्रोसेसरपेक्षा ती येथे घालावी. कंपनीच्या तपशीलपत्रात ‘डब्ल्यूएच’ ही इंग्रजी अक्षरे शोधा. त्यांच्या आधीचा आकडा म्हणजे वॅट-तास.

काही जण जुना लॅपटॉप घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही, पण बॅटरी तपासावी. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा भरून रिकामी झाली की तिची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते; उष्णतेत ठेवली तर त्याआधीच. पडद्यावर १०० टक्के दिसतात ते आज उरलेल्या क्षमतेचे, हे विसरू नका. विंडोज प्रणालीत बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता हे दोन्ही आकडे मिलिवॅट-तासांत मिळतात. मूळ ५०,००० आणि आजची ३१,००० असेल तर ६२ टक्केच उरली. मग नव्या बॅटरीचा खर्च धरूनच सौदा करावा. बॅटरी फुगलेली दिसली तर तो लॅपटॉप चालूही करू नये.

भारनियमनाच्या गावी आणखी एक सोय पाहावी. लॅपटॉप टाइप-सी खाचेतून भरता येत असेल तर पॉवर बँक कामी येते. तिच्यावर २०,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असते, पण तो आकडा आतील ३.७ व्होल्टच्या घटांचा असतो. म्हणून ऊर्जा झाली ७४ वॅट-तास. व्होल्ट वाढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. साठेक वॅट-तास लॅपटॉपला मिळतील असे धरा. आठ वॅट घेणारे यंत्र त्यावर सुमारे साडेसात तास चालेल. मात्र ती पॉवर बँक २० व्होल्टला ४५ वॅट किंवा अधिक देते ना, हे घेण्यापूर्वी तिच्या पाठीवर वाचून पाहा. केवळ फोनसाठी केलेली असेल तर बहुतेक लॅपटॉप तिला दादच देणार नाहीत.