प्रकाश सापळ्याची वायर आणि कोशातील धागा

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर मार्गालगत वसलेले बीरगांव हे कारखान्यांचे नगर म्हणून ओळखले जाते. उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे त्याला लागूनच आहेत. पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्या उजेडाने या भागातील आकाश रात्रभर तांबूस असते. मात्र कारखान्यांच्या कुंपणापलीकडे छत्तीसगडचे मूळ पीक, म्हणजे धान, आजही उभे आहे. आणि धान आहे तेथे पिवळा खोडकिडा, गादमाशी व तपकिरी तुडतुडेही आहेत.

या किडींच्या सर्वेक्षणासाठी प्रकाश सापळा हे जुने आणि विश्वासार्ह साधन आहे. परंतु बीरगांवसारख्या ठिकाणी त्यात एक अडचण उद्भवते. कारखान्यांच्या व रस्त्यांच्या दिव्यांचा उजेड सापळ्यातील दिव्याशी स्पर्धा करतो. पतंगांना सापळ्याचा दिवा वेगळा दिसावा लागतो. पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात पतंग कमी का पडतात, याचे एक कारण हेच. म्हणून सापळा वस्तीपासून दूर, शेतात आत न्यावा लागतो. वीज मात्र वस्तीतच असते. सौर सापळा उपलब्ध नसेल तेथे घर किंवा पंपगृह आणि सापळा यांच्यामध्ये पंचवीस-तीस मीटर वायर येते, आणि ती दररोज सायंकाळी पसरावी व रात्री किंवा पहाटे गुंडाळावी लागते.

एक्स्टेंशनची वायर गुंडाळणे हे काम इतके किरकोळ समजले जाते की कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत त्याला जागा मिळत नाही. प्रत्यक्षात सापळा बंद पडण्याचे कारण दिव्यात क्वचितच सापडते. बहुधा ते वायरीत असते. गुंता सोडवता सोडवता अंधार पडतो आणि सापळा उशिरा लागतो. पिवळ्या खोडकिड्याचे पतंग तर सायंकाळनंतरच्या पहिल्या काही तासांतच मोठ्या संख्येने दिव्याकडे येतात. नोंदवहीत त्या दिवशी कमी आकडा पडतो आणि तो कमी प्रादुर्भाव म्हणून वाचला जातो. दुसरी बाब याहून गंभीर आहे. गाठ ओढून काढताना वायरीचे आवरण ज्या ठिकाणी दुमडते, तेथेच ते पुढे चिरते, आणि ही वायर चिखलणी केलेल्या, पाणी साचलेल्या बांधीतून जात असते.

गुंता का होतो, या प्रश्नाचा प्रयोगशाळेतही अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोन संशोधकांनी एका बंद पेटीत दोरीचा तुकडा टाकून ती पेटी केवळ काही सेकंद फिरवली आणि दोरीला गाठ पडली की नाही, हे पाहिले. असे ३४१५ प्रयोग त्यांनी केले व २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ जवळजवळ पडलीच नाही. लांबी वाढत गेली तशी गाठीची शक्यता वेगाने वाढली आणि पुढे एका मर्यादेवर स्थिरावली. एकूण १२० प्रकारच्या गाठी त्यांना आढळल्या. दुसऱ्या वर्षी या कामाला इग नोबेल हा विनोदी पुरस्कारही मिळाला. पण निष्कर्ष विनोदी नव्हते. दोरीचे मोकळे टोक शेजारच्या वेढ्यांच्या वरून-खालून जात राहते आणि त्यातून गाठ विणली जाते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. दोरी ताठर असेल किंवा हालचालीला जागाच नसेल, तर गाठी कमी पडतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी हाती येतात. गाठ पडण्यासाठी मोकळे टोक लागते. आणि वेढ्यांना हलायला मोकळीक लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत सैल टाकलेली वायर ही त्या फिरत्या पेटीतील दोरीच होय. वायर मुख्य जोडणीतून काढून गुंडाळल्यावर तिचा प्लग तिच्याच बोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचून ठेवला, तर दोन्ही टोके एकमेकांत अडकतात आणि मोकळे टोक उरतच नाही. त्यावर तीन ठिकाणी सुतळीचे किंवा जुन्या सायकल ट्यूबचे बंद बांधले की वेढे हलत नाहीत. इतकी साधी खबरदारी निम्मा त्रास वाचवते.

उरलेला निम्मा त्रास गाठीचा नसून पिळाचा असतो, आणि तो समजून घेणे थोडे अधिक कठीण आहे. आपल्याकडे वायर गुंडाळण्याची सर्वपरिचित रीत म्हणजे अंगठ्याच्या बेचक्यातून कोपराखाली आणि पुन्हा अंगठ्याकडे, अशी. जुन्या काळी दावी व कासरे असेच गुंडाळले जात. हात स्थिर असतो आणि वायर त्याच्याभोवती एकाच दिशेने फिरते. त्यामुळे प्रत्येक वेढ्यागणिक वायरीला एक पूर्ण पीळ बसतो. वीस वेढे म्हणजे वीस पीळ. गुंडाळी सोडून दोन्ही टोके ओढली की हे पीळ एकदम प्रकट होतात: वायर सापासारखी वळते, मध्येच लहान फास तयार होतात आणि ताण दिला की ते आवळले जातात. ज्याला शंका असेल त्याने वायरीच्या एका अंगाने खडूची सरळ रेघ ओढावी, कोपरावर दहा वेढे घ्यावेत आणि दोन्ही टोके न फिरू देता वायर सरळ ओढावी. सरळ रेघ मळसूत्राप्रमाणे वायरीभोवती फिरलेली दिसेल.

अंबाडीच्या दाव्याला हा पीळ सहन होतो. त्याची बांधणीच पिळाची असते. विजेच्या लवचीक वायरीत मात्र तांब्याच्या अनेक बारीक तारांचा जुडगा असतो. एकाच जागी वारंवार तीव्र वाकल्याने त्यातील तारा एकेक करून तुटतात. बाहेरून आवरण शाबूत दिसते, दिवाही लागतो; पण उरलेल्या थोड्या तारांतून सगळा प्रवाह जात असल्याने ती जागा तापते. प्लगच्या तोंडाशी आणि कोपराला जेथे वळण बसते तेथे अशी जागा बहुधा सापडते.

येथे कीटकशास्त्राकडून एक धडा घेण्याजोगा आहे, आणि तो छत्तीसगडमध्येच, कोसा रेशमाच्या रूपाने, डोळ्यांसमोर आहे. चांपा परिसराचा कोसा प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या सीमेवरील गडचिरोली व भंडारा जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरची अळी वाढवली जाते. आरमोरीचे नाव त्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. रेशीम अळी कोश विणताना आपले डोके इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे हलवते आणि धागा त्याच आकारात थरावर थर बसवत जाते. तुतीच्या चांगल्या संकरित द्विपीक जातीच्या एका कोशात असा सुमारे १००० मीटर अखंड धागा असतो. तो गुंडाळण्यासाठी अळीपाशी ना रीळ आहे, ना हात. तरीही कोश शिजवून त्यातील चिकट सेरिसिन सैल केले की तोच धागा एका टोकाने सरळ उलगडत येतो.

आठाच्या आकड्याचे मर्म असे की त्याचा एक फास घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो आणि दुसरा त्याच्या उलट. पहिल्या फासाने दिलेला पीळ दुसरा काढून घेतो. हिशेब शून्यावर येतो. रस्त्याच्या कडेला ऑप्टिकल फायबरची केबल टाकणारे कामगार उरलेली केबल जमिनीवर आठाच्या आकारातच रचतात, ती याच कारणासाठी. अर्थात अळीला हे गणित कळते असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या पिढ्यांचा धागा अडकला त्या पिढ्या कोश पुरा करू शकल्या नसतील, एवढे अनुमान धाडसाचे होणार नाही.

शेतावर हे करण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे फळीवर बसवलेल्या दोन खुंट्या. साधारण अर्धा मीटर अंतरावर दोन जाड, गुळगुळीत लाकडी खुंट्या ठोकाव्यात आणि वायर एकीला उजवीकडून तर दुसरीला डावीकडून वळसा घालत, मध्ये फुली पाडत गुंडाळावी. खुंटी बारीक असू नये. बारीक खिळ्याभोवती वायर मोडते. तीस मीटरच्या वायरीला असे सुमारे पंचवीस आठ पुरतात. प्रथम बोर्डाचे टोक ठेवावे, शेवटी प्लग वर यावा, म्हणजे सायंकाळी प्लग लावून फळी हातात घेऊन शेताकडे चालत गेले की वायर आपोआप सुटत जाते.

फळी नसेल तर हातावरही हाच परिणाम साधता येतो. ध्वनिक्षेपक व्यवस्थेवर काम करणारे लोक ही रीत नेहमी वापरतात. डाव्या हातात एक टोक धरावे. उजव्या हाताने सुमारे एक मीटर वायर ओढून पहिला वेढा नेहमीप्रमाणे डाव्या हातात ठेवावा. दुसऱ्या वेळी उजवा तळहात उलटा करून, अंगठा जमिनीकडे ठेवून वायर धरावी आणि मनगट सरळ करत वेढा ठेवावा; या वेळी पुढे येणारी वायर वेढ्याच्या आतल्या बाजूने जाते. एक सुलटा, एक उलटा, असा क्रम शेवटपर्यंत. वेढे दोन वितींपेक्षा लहान नसावेत. या रीतीचा एक दोष सांगितला पाहिजे: मोकळे टोक चुकून वेढ्यांच्या मधून आरपार गेले, तर ओढताना एकामागून एक गाठींची माळ तयार होते. म्हणून टोक बांधल्याशिवाय गुंडाळी खाली ठेवू नये. पहिले आठ-दहा दिवस हात चुकतो. नंतर तो विचार न करता चालतो.

बाजारात मिळणारे फिरते रीळही उपयोगी आहे, परंतु ते फिरवून गुंडाळावे आणि फिरवूनच सोडावे. रीळ आडवे ठेवून त्याच्या तोंडावरून वायर ओढली, की प्रत्येक वेढ्याचा पीळ पुन्हा वायरीत येतो. रिळाबाबत याहून महत्त्वाची सूचना वेगळीच आहे. प्रकाश सापळ्याचा दिवा अल्प प्रवाह घेतो, तेथे चिंता नाही. परंतु सापळ्याची तीच वायर दिवाळीनंतर खळ्यावर, छत्तीसगडमध्ये ज्याला बियारा म्हणतात तेथे, धान उफणण्याच्या पंख्याला किंवा एखाद्या मोटारीला जोडली जाते. दीड चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम असतो. तीस मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर, रोध सुमारे ०.८ ओहम. १० अँपिअर प्रवाह गेला तर ८ व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि ८० वॅट उष्णता निर्माण होते. वायर पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. पाच मीटर सोडून उरलेली पंचवीस मीटर रिळावरच ठेवली, तर त्यातील बहुतेक उष्णता त्या गुंडाळीतच कोंडते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे काम दोन मीटरवर असले तरी वायर पूर्ण सोडूनच वापरावी, आणि मोटारीसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी.

सापळ्यासाठी तीन तारांचीच वायर हवी. हिरवी अर्थिंगची तार कापून दोन पिनांचा प्लग लावण्याची सवय अनेक गावांत आहे. ओल्या बांधीत ती जिवावर बेतू शकते. ज्या जोडणीवरून वायर शेतात जाते तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वायर बांधीच्या पाण्यातून न नेता बांबूच्या कैचीवरून न्यावी, जोड शक्यतो असूच नये, आणि मुख्य प्लग काढल्याखेरीज गुंडाळायला सुरुवात करू नये. गुंडाळताना वायर कोरड्या कापडातून ओढून घेतली तर चिखल निघतो आणि चिरलेली जागा बोटांना लागतेही. विस्तार कार्यकर्त्यांनी सापळ्याच्या नोंदवहीत पतंगांच्या संख्येबरोबर सापळा कोणत्या वेळी लागला, याचा एक रकाना ठेवावा. आठवड्याचे आकडे पाहताना त्याचा उपयोग समजतो.

हंगाम संपल्यावर वायर कोठे ठेवायची? धानाच्या पोत्यांवर नव्हे. उंदरांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी कठीण वस्तू कुरतडणे ही त्यांची गरज आहे. पीव्हीसीत पोषण काही नसले तरी ते सुटत नाही. कीटकनाशकांच्या कपाटातही नव्हे. ई.सी. प्रकारच्या औषधांत सेंद्रिय विद्रावके असतात आणि सापळ्याच्या घमेल्यात टाकले जाणारे रॉकेलही त्याच जातीचे. यांच्या सततच्या संपर्काने आवरणाचा मऊपणा जातो व ते तडकू लागते. छपराच्या पत्र्याला टेकूनही नको, कारण मे महिन्यात तो पत्रा किती तापतो हे रायपूर परिसरात कोणाला सांगावे लागत नाही. सावलीच्या भिंतीवर, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून चार बोटे सुटी राहील अशा रुंद खुंटीवर गुंडाळी टांगावी. बोर्डाची छिद्रे कापडी पिशवीने झाकावीत. मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाशांना अशी तयार छिद्रे फार आवडतात, मुंग्याही आत वस्ती करतात. जूनमध्ये सापळा बाहेर काढताना सॉकेट आधी उजेडात धरून तपासावे, मगच प्लग लावावा.