चुकीवर पांघरूण नको

बेळगाव-निपाणीचे नाव निघाले की वर्तमानपत्रांची लेखणी सीमाप्रश्नाकडेच वळते. आज आम्ही त्याच मुलखातल्या एका लहानशा विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावी आहे. त्याच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात, प्रथम वर्षाला पायथन ही संगणकभाषा घेणाऱ्यांसाठी भागाकाराचा एक प्रयोग आहे. पहिली संख्या शून्याहून मोठी असल्याची खातरजमा करावी, दुसरी शून्य निघाल्यास 'अपवाद' उभा करावा आणि मगच भागावे. वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा प्रयोग नेमणाऱ्यांचे आम्हांला कौतुक वाटते.

कारण नवशिक्याची प्रवृत्ती याच्या उलट असते. पडद्यावर इंग्रजीत चुकीचा मजकूर उमटला की मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी हबकतो, सारे लिखाण 'ट्राय'मध्ये कोंबतो आणि 'एक्सेप्ट'खाली 'पास' लिहून मोकळा होतो. मजकूर नाहीसा होतो. चूक जागच्या जागीच राहते. जाणता दिवाणजी खातेवहीतला चुकलेला आकडा खरवडून काढीत नाही, रेघ ओढून शेजारी बरोबर आकडा लिहितो. निपाणीच्या तंबाखू-पेढ्यांच्या मुलखात हे नव्याने सांगायला नको!

वास्तविक त्या मजकुराची शेवटची ओळ आधी वाचावी. चुकीची जात तेथे दिलेली असते आणि ती कोणत्या ओळीत घडली तो क्रमांक तिच्या वर असतो. शून्याने भागल्यास 'झिरोडिव्हिजनएरर', अंकाऐवजी भलतेच टंकल्यास 'व्हॅल्यूएरर'. जी चूक अपेक्षित असेल तिलाच नावानिशी पकडावे. अनोळखी चुकीला ओरडू द्यावे. (सीमाभागीयांना गंमत वाटेल: मजकुराचा अंक करणारे पायथनचे 'इंट' हे साधन मराठी ५ आणि कानडी लिपीतला पाचाचा आकडा दोन्ही बिनतक्रार स्वीकारते, 'पाच' असे अक्षरी लिहिले की मात्र दोन्ही भाषांत अडते.)

तज्ज्ञांनाही ही उपेक्षा भोवली आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन ५ अग्निबाण उड्डाणानंतर चाळिसेक सेकंदांत नष्ट झाला. एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. एरियन ४ च्या वेळी ती एवढी वाढणारच नाही असे धरल्यामुळे त्या रूपांतराला संरक्षण दिलेले नव्हते.

प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने दहा भागिले दोन करून दाखविले, की परीक्षकांनी त्याला दहा भागिले शून्य टंकावयास सांगावे, आणि पडद्यावर जे उमटेल ते त्याच्याकडूनच मराठीत वा कानडीत समजावून घ्यावे.