आधी गोळी, मग बेडका: न्यूमोनियाच्या तपासणीबद्दलचे गैरसमज

मंठा किंवा भोकरदनकडच्या खेड्यात ताप-खोकला झाला की बहुधा आधी जवळचा दवाखाना किंवा मेडिकल गाठतात. दोन-तीन दिवस अँटिबायोटिक घेऊनही धाप लागली, तर जालना. तिथेही जमले नाही, तर संभाजीनगरचे ‘घाटी’ हे सरकारी रुग्णालय. तिथे रक्त आणि बेडका कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीला जातो, दोन-तीन दिवसांनी ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट येतो आणि नातेवाईक म्हणतात, जंतू नव्हतेच!

‘नो ग्रोथ’ म्हणजे जंतू नाहीत.
कल्चरमध्ये फक्त जिवंत, वाढू शकणारे जंतू दिसतात. आधीच्या औषधाने ते अर्धमेले झाले, तर प्लेटवर काही उगवत नाही. छातीतला आजार मात्र तसाच असू शकतो. न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू न्यूमोकॉकस तर इतका नाजूक, की स्वतःच्याच विकराने फुटून मरतो. आफ्रिका-आशियातल्या सात देशांत झालेल्या ‘पर्च’ या बालन्यूमोनियाच्या अभ्यासात, आधी अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांच्या रक्तात जंतू सापडण्याचे प्रमाण सुमारे 45 टक्क्यांनी घटले. बेडक्यात ही घट सुमारे 20 टक्के होती. शिवाय औषध न घेताही न्यूमोनियाच्या बहुतेक रुग्णांचे रक्ताचे कल्चर कोरेच येते, कारण जंतू अनेकदा फुप्फुसातून रक्तात उतरतच नाहीत.

मग औषध थांबवून पुन्हा तपासू.
हे मनाने कधीच करू नका. ॲझिथ्रोमायसिन शेवटच्या गोळीनंतरही कित्येक दिवस शरीरात रेंगाळते, म्हणजे तपासणी सुधारेलच असे नाही. आजार मात्र बळावेल.

तपासणी होईपर्यंत औषध नको.
हा उलट्या टोकाचा गैरसमज, आणि जास्त घातक. ओठ निळे पडलेत, रुग्ण गुंगीत आहे, रक्तदाब घसरलाय, तर औषध ताबडतोब हवे. रक्त घ्यायला काही मिनिटे लागतात. ते पहिल्या डोसआधी घेता आले तर उत्तम, नाही तर त्यासाठी खोळंबू नये. घरी राहून बऱ्या होणाऱ्या सौम्य न्यूमोनियात बहुधा कल्चरची गरजच नसते.

जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर तपासणीला अँटिबायोटिकने फरक पडत नाही.
कमी पडतो, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यात सापडतो. पण निरोगी मुलांच्या नाका-घशातही न्यूमोकॉकस राहतो, त्यामुळे तो सापडला म्हणजे आजार त्याचाच, असे ठरत नाही. शिवाय कोणते औषध लागू पडेल, हे सांगण्यात कल्चरच अजून पुढे आहे.

एका औषधाबद्दल वेगळे सांगायला हवे: लेव्होफ्लॉक्सासिन. ते क्षयाच्या जंतूंवरही चालते. न्यूमोनिया समजून ते दिले, की क्षयरोग्याला तात्पुरते बरे वाटते आणि खरे निदान लांबते. 1 मार्च 2014 पासून ते औषधविक्रीच्या नियमांतल्या ‘एच-1’ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची क्षयतपासणी मोफत होते.

बेडका द्यायचा तो साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून. डबीत नुसती लाळ गेली तर प्रयोगशाळा ती नाकारू शकते. आणि दवाखान्यात जाताना घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा सोबत न्या. पहिली गोळी कधी घेतली आणि इंजेक्शन कोणते दिले, हे न लपवता डॉक्टरांना सांगा.