बरं वाटलं, म्हणून स्टेरॉइड बंद?

गैरसमज: कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं विष, जितकं कमी तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: कॉर्टिसॉल अजिबात नसेल तर माणूस जगत नाही. ते बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या की काय होतं, ते डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्येच लिहून ठेवलंय. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी रक्तदाब आणि साखर सावरून धरणारं हेच संप्रेरक. शिवाय ताणाचा प्रतिसाद आवरतं तेही हेच. मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथींना हुकूम सुटतो. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वर जाऊन हुकूम थांबवतं. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट करतो, तसंच.

गैरसमज: दुखणं थांबलं की स्टेरॉइडची गोळी सोडून द्यावी.

वस्तुस्थिती: सगळ्यात महागात पडणारा समज हाच. गोळीतलं स्टेरॉइड कॉर्टिसॉलसारखंच काम करतं: 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण 20 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल. शरीर एरवी दिवसभरात त्याहून कमीच बनवतं. टाकी कोणी वरून बादलीने भरत राहिलं तर फ्लोट खाली येणारच कसा? तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं की अधिवृक्क ग्रंथी आळसावतात, आक्रसतात. पूर्ववत व्हायला कधीकधी कित्येक महिने लागतात. मधेच गोळी तोडली आणि नेमका डेंग्यू झाला, तर उलट्या, चक्कर, कोसळलेला रक्तदाब, प्रसंगी बेशुद्धी. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात, आजारपणात डॉक्टर तो तात्पुरता वाढवतातही. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना हे सांगायलाच हवं. चार-पाच दिवसांच्या कोर्सची मात्र सहसा एवढी धास्ती नको.

गैरसमज: मी स्टेरॉइड घेतच नाही.

वस्तुस्थिती: गोरेपणासाठी दुकानातून आणलेली ट्यूब एकदा उलटून वाचा, ‘क्लोबेटासोल’ दिसलं तर ते कडक स्टेरॉइड आहे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड सापडलेलं आहे. जिममधली स्टेरॉइड्स वेगळी, टेस्टोस्टेरॉनच्या जातीची. ती वृषणांचं काम याच रीतीने थंडावतात.

गैरसमज: रिपोर्टमध्ये कॉर्टिसॉल जास्त, म्हणजे ताण जास्त.

वस्तुस्थिती: सकाळी ते मुळातच जास्त असतं. त्यातून इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी चालू असेल, तर कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि एकूण आकडा फुगतो. प्रत्यक्ष काम करणारं मोकळं कॉर्टिसॉल तेवढं वाढलेलं नसतं. तपासणीआधी ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांच्या कानावर घालावं.